भीमाच्या गाडीची सीट

कोल्हारच्या गहिनीनाथाच्या कामाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. बेलापूर स्टेशनाच्या वाटेवर धावणाऱ्या टांग्यांच्या गाद्या शिवण्यात त्याचं आयुष्य गेलं. गादी शिवून झाली की कोमट एरंडेलात मेण कालवायचं आणि चामड्यात तोंड दिसेपर्यंत चोळत बसायचं, ही त्याची रीत. त्यामुळं पाऊस-धुळीत गादी टिकायची आणि वर टांगेवाल्याची ऐट वाढायची. गिऱ्हाईक कितीही घाईला आलं तरी हा बाबा चोळल्याशिवाय गादी हातात देत नसे. बायको आक्काबाई म्हणायची, "देवाच्या मूर्तीलाबी एवढं त्याल लावीत न्हाई कुनी."

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. त्या पौषात भगवतीच्या यात्रेला मौत का कुआँ आला. फळ्यांची उंच गोल विहीर उभी करायची, तिच्या आतल्या उभ्या भिंतीवरून मोटारसायकल पळवायची आणि लोकांनी वरच्या कठड्यावरून वाकून बघायचं, असा तो खेळ. गाडी पळवणारा भीमा सडपातळ आणि अगदी कमी बोलणारा. त्याची गाडी म्हणजे एके काळी शर्यतीत धावलेली जुनी ट्रायम्फ. सीटचं कातडं फाटून पत्रा मांडीला कापायला लागला, तेव्हा एक दिवस सकाळीच सीट सोडवून, काखेत मारून तो गहिनीनाथाच्या दुकानात आला.

"मामा, सांजच्या खेळाला पायजे," एवढंच म्हणाला.

मोटारसायकलची सीट गहिनीनाथानं जन्मात केली नव्हती. पण नाही म्हणेल तर तो गहिनीनाथ कसला? त्यानं जुनं कातडं उसवलं, त्याच्यावरून माप धरलं, ताजा काथ्या ठासून भरला आणि ठेवणीतलं चामडं बाहेर काढलं. टाका असा घातला की नजर ठरू नये. मग रीतीप्रमाणं तेल-मेण. चार वाजता भीमा आला, त्यानं सीटवरून हात फिरवला, "झ्याक झालीया" म्हणाला आणि घेऊन गेला. गहिनीनाथ मनात फुलून गेला. लोक ती सीट बघतील आणि कुणी केली म्हणून विचारतील, असंही त्याच्या मनात आलं. आलं तर आलं, त्यात काय चोरी आहे?

तिन्हीसांजेला तो जेवायला बसला. आक्काबाई आदल्या दिवशीच यात्रेत जाऊन आली होती. भाकरी वाढता वाढता तिनं खेळाचं सांगायला सुरुवात केली.

"तुमी बघाया पायजे हुतं. मधीच दोनी हात सोडतो बाई त्यो. दोनी पाय एकीकडं घेतो, एका मांडीवर बसतो, आन् गाडी आपली फिरतीच."

गहिनीनाथाच्या हातातला घास हातातच राहिला. "हात सोडून?"

"मग? नुसतं बसायला लोक कशाला जात्यात?"

टांग्यातला माणूस दांडीला धरून बसतो. घसरला तरी पायाखाली फळी असते. इथं दांडी नाही की फळी नाही, नुसती मांडी आणि चामडं. आणि चामड्याला ऊब लागली की मुरलेलं एरंडेल वर येतं, हे गहिनीनाथाइतकं कुणाला ठाऊक होतं? दुपारी गार सीटवर हात फिरवून भीमाला काय कळणार होतं? खालून इंजिन तापलं की ती सीट साबणाच्या वडीसारखी होणार होती. तू गाडीवर बसतोस कसा, हे आपण त्याला विचारलंच नाही.

सुतळी आणि दाभण खिशात कोंबून तो अनवाणीच पळाला. पाळण्यांच्या रांगेपाशी पोचला तोवर इंजिनाचा आवाज सुरू झाला होता. दारावरच्या माणसाला ढकलून तो जिना चढला. वर घंटेजवळ खेळाचा मालक मच्छिंद्र उभा होता. घंटा झाली की खेळ सुरू आणि घंटा झाली की बंद.

"मालक, गाडी उतरवा. सीट घसरती हाय."

"चालू खेळात?" मच्छिंद्रनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "लोक फळ्या उचकटून न्हेतील. आता तर हात सोडायचाय त्याला."

"म्हनूनच सांगतोय. त्याल लावलंय तिला. म्याच लावलंय."

"मग घरी जाऊन बोंबल."

गहिनीनाथानं खाली वाकून बघितलं. भीमा भिंतीवर आडवा होऊन फिरत होता. गुडघ्यांनी त्यानं टाकी आवळून धरली होती, तरी प्रत्येक फेरीला कंबर बोटभर खाली सरकत होती, आणि तो झटका देऊन पुन्हा वर घेत होता. बघणाऱ्यांना तोही खेळातलाच भाग वाटत होता. मग भीमाचा डावा हात हँडलवरून उचलला गेला.

गहिनीनाथानं घंटेची दोरी ओढली. एकदा नाही, मच्छिंद्रनं मानगूट धरून मागं खेचेपर्यंत ओढत राहिला. खाली हात हँडलवर परत आला, गाडी उतरत उतरत तळाला आली आणि थांबली. वर लोकांनी शिव्यांचा पाऊस पाडला. "त्याल लावलंय सीटला, त्याल," तो सगळ्यांना सांगत सुटला. ज्याच्या कामाला कधी कुणी नाव ठेवलं नव्हतं, त्यानं स्वतःच ते भर यात्रेत ठेवलं.

तळाच्या दारातून तो आत गेला. पाण्याच्या पिंपाखालचं गोणपाट ओढून आणलं, गुडघे टेकून सीटवर ताणलं आणि दाभणानं शिवायला लागला. घाईत टाके वेडेवाकडे पडत होते. "बटाट्याचं पोतं शिवतो का रं?" वरून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. लाजेनं त्याचे कान तापले, पण त्यानं मान वर केली नाही.

"तुला वर कळलं न्हाई व्हय, गड्या?" त्यानं हळूच विचारलं.

"कळलं की. दुसऱ्या फेरीलाच कळलं," भीमा म्हणाला.

"मग उतरला का न्हाईस?"

"घंटा झाल्याबिगर उतरायचं न्हाई, मामा. आमच्यात तसंच हाय." भीमानं सुतळीचं टोक दाबून धरलं. "घंटेकडंच बघत हुतो. कुनी वाजवंना. मग आईचं नाव घेतलं आन् हात उचलला."

गहिनीनाथ सीटला धरून तिथंच बसून राहिला. भीमानंच बगलेत हात घालून त्याला दाराबाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि आत किक मारली. वर जाऊन बघायची गहिनीनाथाची हिंमत झाली नाही. तो बाहेरूनच विहिरीच्या फळीला तळहात लावून उभा राहिला. गाडी पलीकडून गेली की फळी हातात थरथरायची. वर एकदम टाळ्या पडल्या, म्हणजे भीमानं दोन्ही हात सोडले होते. गहिनीनाथानं तळहात फळीवर आणखी दाबला. फळी पुन्हा थरथरली, आणि त्यानंतर पुन्हा.