नमुना नसलेला रंग

रंगाच्या दुकानात सगळे त्यांना शेडमास्तर म्हणत. गिऱ्हाइकाने भिंतीचा पोपडा आणून दिला की मास्तर तो खिडकीशी धरणार, डोळे बारीक करणार आणि डब्यात थेंब थेंब रंग सोडत हुबेहूब तीच छटा उतरवणार. तीस वर्षांत एकही डबा परत आला नव्हता.

बायकोच्या गुडघ्यांना थिएटरचे जिने झेपेनात, म्हणून घरीच प्रोजेक्टर घ्यायचं ठरलं. रंग पारखायला घरचाच माणूस असल्यावर काय अवघड?

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या मुलीने अंधाऱ्या खोलीत दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावले. दोन्हींवर एकच सिनेमा, एकच बाई, एकच हसू. एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट.

"महागाचा काळा बघा, कसा गडद आहे," मुलगी म्हणाली. "स्वस्तातला काळा जरा राखाडी पडतो."

तेवढं मास्तरांना दिसलंच होतं. पण त्यांची गाडी अडली ती त्या बाईच्या गालावर. स्वस्तातला गाल निळसर होता, महागातला तांबूस.

"यातला खरा कुठला?"

"म्हणजे?"

"अहो, नमुना कुठाय? बाई प्रत्यक्षात कशी होती ते कळल्याशिवाय जुळलं की नाही, हे सांगू कसं?"

मुलगी गोंधळून हसली. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती एकदा हा डोळा झाकत होती, एकदा तो. दोन महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डावा व्हायचा होता.

"उजव्याने महागाचा छान दिसतो," ती म्हणाली, "आणि डाव्याने स्वस्तातला. डाव्याने सगळं पिवळटच दिसतं ना, मग तो निळा त्यात मुरून जातो."

मास्तरांनी आपलाही एकेक डोळा झाकून बघितला. तिला ऑपरेशन होईपर्यंत पिवळट दिसतंय हे कळलंही नव्हतं. मग आपलं काय?

दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानात मास्तर रंगांचा तक्ता घेऊन बसले. पांढरा पांढराच वाटत होता. पण पिवळ्या डोळ्यालाही तो पांढराच वाटणार! त्या दिवशी त्यांनी एका खोलीचा रंग चारदा जुळवला. गिऱ्हाईक म्हणालं, "एकदम तोच!" तरी मास्तरांचा जीव थाऱ्यावर येईना. संध्याकाळी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

"सुरुवात आहे, दोन्ही डोळ्यांत. घाई नाही," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी शेवटी स्वस्तातला प्रोजेक्टर घेतला. आपल्याला तो बरा दिसला म्हणून, की आपले डोळे बिघडले म्हणून तो बरा दिसला, हे त्यांना सांगता आलं नसतं. काळा गडद दिसावा म्हणून त्यांनी समोरची भिंत फिकट राखाडी रंगवली. मग ती जास्तच गडद झाली असं वाटून पुन्हा रंगवली.

रविवारी दुपारी पडदे ओढून सिनेमा लावला. मास्तर रिमोटने गालांचा तांबूसपणा वाढवत होते, कमी करत होते.

"अहो, बसा की आता! सारखा तो सेटिंगचा पट्टा मधे येतोय."

मास्तर बसले. रिमोट बाजूला ठेवला. मग हळूच विचारलं, "हा कोण गं?"

"इश्श! मघाशी मेला त्याचा भाऊ."

"मेला? कोण मेला?"