टॉवेलखाली ठरलेली सात गावं

मुंबईच्या एका धर्मादाय फाउंडेशननं नेवासा तालुक्यातल्या सात गावांना फसवलं. फसवलं ते माझ्या हातून, म्हणून हे मी लिहितोय. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात, "मामा, अर्ज नामंजूर होणं म्हणजे फसवणूक नव्हे." त्या शिकलेल्या आहेत, त्यांचं त्यांच्यापाशी. मी जनावरांचा व्यापारी. लहानपणी चहापावावर दुसऱ्यांच्या म्हशींची दावी धरून बाजारात उभा राहायचो, तिथून स्वतःच्या पिकअपपर्यंत आलो. भांडलो, ओरडलो, लोकांना घाम फोडला. पण हातात हात देऊन ठरलं की ठरलं, हे एकदाही मोडलं नाही.

सुरुवात माझ्या थोरल्या बहिणीच्या तापानं झाली. अक्काचा हात जनावरांना लागू. कुणाची गाय व्यायला अडली की आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं आधी तिच्याकडे पळत येतात. तिला ताप यायचा, राहायचा, जायचा, की पुन्हा हजर. कंबर धरायची, घामानं अंथरूण भिजायचं. मलेरियाचं औषध झालं, टायफॉइडचं झालं, शेवटी एका डॉक्टरनं "वयाचं आहे" म्हणून हात झटकले. त्या दवाखान्यात मी असा आवाज चढवला की बाकावरचे पेशंट उठून बाहेर गेले.

मग तिला जुन्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं मॅडम नव्यानं आल्या होत्या. नगरमध्ये वाढलेल्या, घरात दोन पिढ्या मास्तरकी, त्यामुळे बोलणं सावकाश आणि पक्कं. त्यांनी थर्मामीटर लावायच्या आधी विचारलं, "अक्का, तुमच्या गोठ्यात एवढ्यात एखादी गाय गाभडली का हो?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. गाय गाभडली, म्हणजे वासरू दिवस भरायच्या आत पडलं, हे आमच्याकडे कुणी तोंडातून काढत नाही. कळलं की त्या गायीचाच नाही, सगळ्या गोठ्याचा भाव पडतो.

"ह्याला बाहीर काढा, मग सांगते," अक्का म्हणाली.

"अगं, मी तुझा सख्खा भाऊ हाय!"

"भाऊ हायेस, पन व्यापारी बी हायेस. ऊठ."

मॅडम तोंडाला रुमाल लावून हसल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आत अक्कानं काय सांगितलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण तिचं रक्त पुण्याला तपासायला गेलं आणि ताप कसला ते सापडलं. जनावरांचाच ताप. गाभडलेल्या गायीची वार, म्हणजे वासरामागची झिल्ली, उघड्या हातानं काढली, तिचं कच्चं दूध प्यायलं, की माणसाला लागतो. औषध साधं, पण चिकाटीनं घ्यायचं. अक्का बरी झाली आणि बरी झाल्या दिवसापासून पुन्हा मला शिव्या द्यायला लागली.

माझं काम तिथं संपलं होतं. पण मॅडमनी मला बोलावून घेतलं. टेबलावर तालुक्याचा नकाशा पसरला होता.

"मामा, अक्का एकट्या नसणार. प्रत्येक गावात असा ताप अंगावर काढणारी माणसं असतील. कुणी मोजलंच नाही. मोजलं नाही म्हणून डॉक्टरांना आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून मलेरियाच्या गोळ्या. आपण मोजायचं. माणसांचं रक्त, गायींचं रक्त, गावोगाव."

अंगावर काटा आला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, नफा-तोट्यापलीकडे कशानं छाती धडधडत नव्हती. त्या नकाशाकडे बघून धडधडली.

दवाखान्याच्या खिशातून हे काम होण्यासारखं नव्हतं. त्यासाठी फाउंडेशनं असतात, असं मॅडमनी सांगितलं. मोठ्या माणसांनी बाजूला ठेवलेला पैसा, चांगल्या कामाला देतात, मात्र आधी अर्ज, मग प्रश्न, मग पुन्हा अर्ज. मॅडम रोज ओपीडी संपली की लॉगिन करून अर्ज भरत बसायच्या. एका ठिकाणी विचारलं, तुमचं विद्यापीठ कोणतं? दुसरे म्हणाले, आम्ही सध्या फक्त शहरातल्या हवेवर काम करतो. तिसऱ्यांनी तर उत्तरच दिलं नाही.

"वाचून दाखवा बरं, काय लिहिता ते," मी एकदा म्हणालो.

त्यांनी मराठीत करून सांगितलं. पहिल्याच पानावर, आमचा दवाखाना लहान आहे, आमच्याकडे अमुक यंत्र नाही, आमच्या अभ्यासातून तमुक सिद्ध होणार नाही.

"मॅडम! गाय बाजारात उभी केली आणि तुम्ही स्वतःच ओरडताय, ही लंगडते, ही लंगडते! कोण घेणार?"

"संशोधनात उणीव आधी सांगायची असते, मामा. लपवली तर सगळंच खोटं ठरतं."

"सांगा की. पण गिऱ्हाईक गायीच्या प्रेमात पडल्यावर सांगा!"

तासभर वाजलं आमचं. मी टेबलावर हात आपटला, त्यांनी नकाशाची घडी घातली. अक्का तपासणीला आली होती, ती मध्ये पडली. "तू गप. आन बाई, तुमी बी जरा गप. माज्या कंबरेचं आदी लिवा, मग यंत्राचं." मॅडमनी मान हलवली. उणिवा तशाच राहिल्या, एक ओळ गाळली नाही, फक्त खाली गेल्या. वर आली एक बाई, नाव न सांगता, जिला वर्षभर चुकीच्या गोळ्या मिळाल्या होत्या.

आणि मुंबईहून उत्तर आलं! आधी व्हिडिओ कॉल. मॅडमच्या बाजूला मीही बसलो, इस्त्रीचा सदरा घालून. पलीकडून एक साहेब म्हणाले, आम्हाला गाव बघायचंय. कॉल संपल्यावर मॅडम खुर्चीतून उठून खोलीत नुसत्या गोल फिरत राहिल्या. मी सगळ्या दवाखान्याला भेळ वाटली.

साहेब आले तेव्हा पुणे रोडनं येताना नगरच्या अलीकडे केडगावला त्यांचा ड्रायव्हर चुकला. मी पिकअप घेऊन पुढे गेलो आणि त्यांना माझ्या मागं मागं आणलं. साहेब पस्तिशीचे, मराठी बोलणारे, हसरे. अहंकार नाही. गोठ्यात बूट शेणानं भरले तरी चेहरा बदलला नाही. मला माणूस आवडला. जनावर बघून पारखायची सवय माणसालाही लावतो मी, आणि ह्यांचा पाय मला भक्कम वाटला.

बाजाराचा दिवस होता. मॅडम म्हणाल्या, साहेबांना बाजार दाखवा, रोग कुठून कुठं जातो ते कळेल. साहेब गर्दीत एका ठिकाणी थांबले. दोन व्यापारी समोरासमोर उभे, एका टॉवेलखाली दोघांचा एकेक हात, दोघांच्या तोंडावरची रेषसुद्धा हलत नाही.

"हे काय चाललंय?"

"सौदा."

"बोलत का नाहीत?"

"बोललं की शेजारचा ऐकतो. बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. नाही पटलं तर सोडायचं, पुन्हा धरायचं. पटलं की हात घट्ट दाबायचा. संपलं."

"लिहून घेत नाहीत?"

"काय लिहायचं?"

"आणि नंतर एखादा फिरला तर?"

हा प्रश्न साहेबांनी विचारला. मी नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढं सगळं ह्याच्यावर आहे.

"फिरत नाही," मी म्हणालो. "फिरला तर पुढच्या बाजारात त्याचा हात कुणी धरत नाही."

साहेबांनी "वा!" म्हणून मोबाईलमध्ये व्हिडिओ काढला.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात चहा झाला. मॅडमनी बारा गावं मागितली होती. साहेब म्हणाले, पहिल्याच वेळी एवढी कशी देता येतील? मॅडम समजावून सांगायला लागल्या. साहेब एकदम माझ्याकडे वळले, डोळ्यांत चमक. "मामा, टॉवेल द्या. आपण ठरवू."

मी खांद्यावरचा टॉवेल काढला. असा सौदा आयुष्यात केला नव्हता. म्हैस नाही, बैल नाही, गावं! मी दोनदा पंजा दाबून वर दोन बोटं धरली. त्यांनी माझी चार बोटं धरली. मी हात झिडकारला. दवाखान्याच्या सिस्टर गोळा झाल्या, अक्का ओरडली, "सोडू नगंस रं!" मी पुन्हा दोन पंजे. त्यांनी एक पंजा. मी मान फिरवून चहा प्यायलो, जसं काही मला गरजच नाही. साहेब हसायला लागले, पण हात सोडला नाही. शेवटी पंजा आणि दोन बोटं. सात. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाले, "झालं!"

सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. गाडी गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "मामा, पत्र येऊ द्या."

"पत्र कारकून लिहितो, मॅडम. सौदा झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादीतल्या पहिल्या गावात होतो. दूध डेअरीवर, लोक कॅन घेऊन येतात तेव्हा. सगळ्यांना थांबवलं आणि अक्काची हकीकत सांगितली. रक्त तपासणार, माणसांचं आणि गायींचं, औषध मिळणार, पण आधी खरं सांगायला लागेल, कुणाची गाय गाभडली.

सगळे कॅनकडं बघायला लागले. एक म्हातारबाबा बोलले, "आन माज्या गोठ्याचं नाव बाजारात गेलं तर?"

"तर पुढची गाय मी घेईन, तुम्ही सांगाल त्या भावाला. हा घ्या हात."

त्यांनी हात बघितला, धरला. मग म्हणाले, "माजी गाभडली. लागोपाठ दोनदा." आणि बांध फुटल्यासारखं झालं. माझी बी. आमची कालवड. सासऱ्याला वर्षभर ताप हाय. मागं एक बाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती, तिला कुणी कधी बोलताना ऐकलं नसेल. ती म्हणाली, "मला बी अक्कासारकंच हुतंय. रगात कवा घ्यायचं?"

सातही गावांत हेच. मी दिवसभर फिरायचो, भूक लागायची नाही. ज्या माणसांकडून गायीचं खरं वय काढायला मला अर्धा दिवस लागायचा, ती माणसं पिढ्यानपिढ्या झाकलेली गोष्ट चारचौघांत बोलत होती. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी नकाशा काढून सातही गावांवर पेनानं खुणा केल्या. म्हणाल्या, "हे पैसे देऊनसुद्धा मिळत नाही, मामा."

मग मेल आला. तुमचा प्रस्ताव आम्हाला अतिशय आवडला. मात्र यंदा आमचा प्राधान्यक्रम बदलला आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी उचलला, ते मान्य करतो.

"साहेब, सात गावं ठरली होती."

"मामा, मी शिफारस केली होती. निर्णय कमिटीचा असतो."

"मग हात कशाला दाबला?"

"अहो, ती गंमत होती ना? तुम्हीही हसत होतात."

मी हसत होतो. हो. सौदा पटल्यावर माणूस हसतो.

गाभडल्याची गोष्ट डेअरीवरून बाजारात जायला वेळ लागला नाही. आता व्यापारी गाय बघायच्या आधी गाव विचारतात. त्या सातांतलं निघालं की टॉवेलखाली हातच घालत नाहीत. म्हातारबाबाची गाय मी घेतली, त्यांनी सांगितलेल्या किमतीला, शब्द होता. बाकीच्यांनी तोंडं मिटली. मॅडम अजून म्हणतात, ताप असेल त्यांना पाठवा, मी माझ्या ओळखीनं तपासून आणते. मी त्या पदरवाल्या बाईच्या दारात गेलो. डोळे खोल गेलेले, उंबऱ्याला धरून उभी.

"चला, मॅडम रक्त तपासतायत."

"कुनाचं? मला कुटं ताप हाय? आमच्या घरात कवाच काय न्हाई झालं," ती म्हणाली आणि दार लोटलं. मी वळलो, तर गोठ्यातून तिची सासू माझ्याकडं बघत होती.

मॅडम नवा अर्ज लिहितायत, दुसऱ्या फाउंडेशनला. मी नकाशा धरून बसतो. मिळेलही. पण ते दार आता कुणाच्या पत्रानं उघडणार?

तेव्हा साहेब, तुमच्या कमिटीला घेऊन या. कमिटीनं बोटं दाबली नव्हती, पण तुम्ही तिच्या वतीनं दाबली. मला उत्तर नको. मॅडमना तर नकोच, त्या तुम्हाला दोष देत नाहीत. सकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीवर उभे राहा, त्या बाईच्या दारात जा, आणि तिनं रक्त कधी घ्यायचं विचारलं होतं, त्याचं उत्तर तिच्या तोंडावर द्या. सात गावं आहेत. कोणत्या गावापासून सुरुवात करताय, तेवढं कळवा. केडगावला न्यायला मी येतो.