बोगनवेल फुलली, माझी कोरफड कुजली

बायांनो, मला अक्षर येत नाही. मी बोलतेय, नात टाइप करतेय. पदरचं काही घालू नको म्हणून तिला बजावलंय.

आमच्या दारात सोप्याजवळ एकाच कुंडीची जागा. सून म्हणे बोगनवेल ठेवू, मी म्हणे कोरफड. शेवटी पैज लागली. दोन्ही कुंड्या तुळशीजवळ ठेवायच्या, महिनाभर पाणी घालायचं नाही. जी टिकेल तिला दारातला मान.

आज महिना भरला. पेडण्याच्या या उन्हात सुनेची बोगनवेल फुलांनी लालभडक आणि माझी कोरफड मऊ पडून कुजलेली!

"पाण्याविना कुजली कशी गो?" मी विचारलं.

"आई, तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी रोज कुठे ओतता?"

ते पाणी पायदळी जाऊ नये म्हणून आयुष्यभर शेजारच्या कुंडीत ओततेय, आणि या महिन्यात शेजारी होती कोरफड. हाताला पैज काय ठाऊक!

"लाडाने कुजलेलं तुमचं आणखी एक आत निजलंय," सून म्हणाली. म्हणजे माझा झील, तिचा घोव.

कोरफडीची माती बदलून तिला उन्हात ठेवलीय. पन्नाशीच्या झिलाला उन्हात ठेवून उपयोग होतो का? कुणाला अनुभव असेल तर कळवा.