एका रेघेचं क्रॉसिंग होत नाही

आता हसू येतं, पण लग्न होऊन आली तेव्हा सुनेला वाटलं होतं, सासरे म्हणजे काय विनम्र माणूस! रस्त्यानं चालताना नजर म्हणून वर नाही. "अगं आई, देवमाणूस आहे," असं माहेरी कळवूनसुद्धा टाकलं बाईनं. आठवडा नाही झाला तोच देवमाणूस भर चौकात उकिडवे बसले, झेब्रा क्रॉसिंगला वीत लावली आणि मागं हॉर्न वाजवणाऱ्या बसवर खेकसले, "थांब जरा! पट्टा तिरका मारलाय मेल्यांनी!"

एकतीस वर्षं रस्त्यांवर पट्टे मारले होते त्यांनी. आधी दोरी ताणायची, खडूची रेघ उमटवायची, मगच रंग. म्हणून सगळे त्यांना दोरीवाले म्हणत. रिटायर झाले, पण डोकं डांबरावरच. बायकोची जन्मभर एकच कुरकुर, "माझ्या तोंडाकडे कधी एवढं निरखून बघितलंत का?"

ती बायको आता हॉस्पिटलात होती. उद्या सकाळी सातला हृदयाचं ऑपरेशन. आज चार ते पाच भेटायची वेळ, एका पेशंटला एकच पास, तोही ऑनलाइन आणि नवऱ्याच्याच नावावर. "अहो, आत नेण्याआधी एकदा येऊन जा," एवढंच मागणं होतं तिचं.

तीन वाजता दोरीवाले फोन घेऊन स्वयंपाकघरात बसले. नाव भरलं, नंबर भरला, 'मी यंत्र नाही' यावर बोट टेकवलं. पटलं नाही त्याला. रस्त्यांच्या फोटोंचे नऊ चौकोन समोर आले. झेब्रा क्रॉसिंग असलेले निवडा.

सून फिसकन हसली. "बाबा, तुमचाच पेपर आला की!"

त्यांनी दोन चौकोन दाबले. चूक.

"तो कोपऱ्यातला राहिला, बाबा."

"त्याचा अर्धा रंग उडालाय. त्याला क्रॉसिंग म्हणतात? त्याला चोरी म्हणतात. कंत्राटदार दिसला पाहिजे मला."

दुसऱ्या खेपेला कुठल्याशा पट्ट्यांच्या रुंदीवरून घोडं अडलं. पुन्हा चूक. आता शेवटची संधी, आणि मधल्या चौकोनात एकच पांढरी आडवी रेघ.

"दाबा, बाबा. त्याला तेच हवंय."

"ती स्टॉप लाइन आहे. गाड्या थांबायची. एका रेघेचं क्रॉसिंग होतं का?"

"त्या यंत्राला काय कळतंय?"

"त्याला कळत नाही म्हणून मी खोटं दाबू?"

सुनेनं बोट पुढं केलं. दोरीवाल्यांनी चापट मारली. चापट मारली ती मारली, वर तो चौकोन सोडून आपलं उत्तर तसंच धाडून दिलं. लाल अक्षरं आली: आपण माणूस असल्याची खात्री पटली नाही. चोवीस तासांनी प्रयत्न करा.

एवढा हट्ट पोरानं केला असता तर पाठीत दोन धपाटे बसले असते. सासऱ्यांना कोण घालणार? सुनेनं हॉस्पिटलात फोन लावला, गयावया केली. पास ऑनलाइनच मिळेल म्हणाले.

"आता आईंना काय सांगायचं?"

"जे झालं ते." आणि त्यांनी स्वतःच बायकोला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं, उडालेल्या रंगापासून.

"म्हणजे येत नाही तुम्ही," शेवटी ती म्हणाली. "एक चौकोन दाबला असता तर काय बिघडलं असतं?"

"चूक ती चूक. तू एवढी वर्षं माझ्याबरोबर रस्त्यानं चाललीस. तूच सांग, एका रेघेचं क्रॉसिंग होतं का?"

"अहो, उद्या सकाळी मला..."

"होतं का? एवढंच सांग."

पलीकडे कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"नाही होत," ती म्हणाली.

दोरीवाले सुनेकडे वळले. "ऐकलंस? तुझी सासूसुद्धा म्हणतेय, नाही होत!"