खंडे नवमीला बंद पडलेला एसी

त्या वर्षी आमच्या एका आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे व्हायचे होते, आणि तेही दसऱ्याच्याच दिवशी. महिनाभर आदिलाबादच्या कचेऱ्यांतली कपाटं, खुर्च्या, दफ्तरांचे गठ्ठे लॉऱ्यांत चढत होते. साहेबांसाठी भाड्यानं लावलेल्या गाड्या सारख्या पळत होत्या आणि थकल्या की आमच्याकडे येत होत्या. आमच्याकडे म्हणजे माझ्या मामांच्या दुकानात. गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं आणि एसीचं काम चाले.

मी बी.एस्सी. झालो होतो, आमच्या घरातला पहिलाच. नोकरीच्या परीक्षा देत देत मामांकडे बसू लागलो. शिकून काय मिळवलंस, असं मामांनी कधी विचारलं नाही. करंट कुठून निघतो आणि कुठे अडतो, हे त्यांनी शेजारी बसवून दाखवलं. त्या शिकवणीवर आज माझं घर चालतं.

खंडे नवमीला सकाळी आम्ही सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. पक्कड, पाने, मीटर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असा मामांचा नियम. मला त्या नियमाचा आनंदच होता. महिनाभरानंतर पाठ टेकायला मिळणार होती. मी बाकावर आडवा झालो आणि तेवढ्यात तामसीकडचा एक ओळखीचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. पांढरी गाडी धुऊन लखलखीत, पुढे झेंडूची जाड माळ.

"मामा, एसीची हवा गरम येऊन राह्यली," तो म्हणाला.

"आज नवमी हाय. हत्यारं पूजेत हायेत. परवा ये."

"परवा येऊन काय करू? उद्या पहाटे साहेबाले आसिफाबादले, नव्या जिल्ह्याले न्यायचं हाय. नव्या हापिसात तुहीच गाडी लावतो म्हनले, पन एसी चालला पायजे. नाई तर दुसरा गेटपाशी गाडी घेऊन उभाच हाय."

ही गाडी घेताना त्यानं आपल्या वाट्याचं शेत भावाला विकून टाकलं होतं. गाडीचं काम सुटलं तर त्याला दुसरं काम नव्हतं. हे मामांनाही माहीत होतं. तरी ते पाटाकडेच बघत होते.

"मामा, नुसतं हातानं पाहू का?" मी उठत विचारलं.

"पाह्य नं. तुहे हात का पाटावर ठेवले हायेत?"

इंजिन चालू करून एसीचं बटण दाबलं. आतला पंखा जोरात फिरत होता, पण हवा गार करणाऱ्या कंप्रेसरचा क्लच पकडताना जो टक् आवाज येतो, तो येत नव्हता. फ्यूज बोटांनी काढून पाहिला. आतली तार शाबूत. एसीला करंट सोडणारा रिले काढून हॉर्नच्या रिलेच्या जागी बसवला, तर हॉर्न वाजला. म्हणजे रिलेही चांगला.

भंगाराच्या डब्यातून जुना बल्ब आणि वायरचे दोन तुकडे घेतले. मामांकडे पाहिलं.

"ते हत्यार नाई, भंगार हाय," ते म्हणाले.

क्लचच्या प्लगला बल्ब लावला. पेटला नाही. इंजिन बंद करून बॅटरीतून सरळ क्लचला करंट दिला, तेव्हा टक् झालं.

"झाला?" ड्रायव्हर पुढे झाला.

"नाही दादा. क्लच चांगला आहे, एवढंच कळलं. करंट मध्येच कुठेतरी अडतोय."

"डिगरीवाले डॉक्टर असेच असतात," मामा म्हणाले. "कुठं दुखत नाई ते पहिले सांगतात."

आता गॅसचा दाब पाहणारा स्विच राहिला होता. गॅस गळून गेला असेल तर तो स्विच कंप्रेसर चालूच होऊ देत नाही. तसं असतं तर गळती शोधणं, पाइप खोलणं आलं, आणि ते हत्यारांशिवाय होणारं नव्हतं. मी हे बोललो नाही, पण माझा चेहरा बघून ड्रायव्हर दुकानाच्या पायरीवर बसला.

स्विच पुढच्या जाळीच्या मागे असतो. तो दिसावा म्हणून मी माळ बाजूला केली, तर ती हलेना. झेंडूच्या आतून बारीक लोखंडी तार गेली होती. ती जाळीतून आत जाऊन स्विचच्या वायरीला वेढा घालून परत आली होती. तिच्या ओढीनं प्लग अर्धा निघून लोंबत होता.

"माळ कशी बांधली, दादा?"

"हायवेले उडून जाते म्हनून तार आवळली. आत जे हाती लागलं, त्याले गुंडाळली."

पक्कड नव्हती. नखांनीच तार उलगडली. बोटातून रक्त आलं. प्लग दाबून बसवला आणि इंजिन चालू केलं. टक्.

ड्रायव्हर आत बसला आणि बराच वेळ हवेपुढे तोंड धरून राहिला.

"माळ सुतळीनं बांधत जाय," मामा म्हणाले. "देवीले का तार लागते?"

साहेबांनी गाडी ठेवली. पण साहेब आसिफाबादलाच राहिले, म्हणून गाडीही तिथेच राहिली आणि तिच्यामागे ड्रायव्हरही. तिकडे एक खोली घेऊन तो राहू लागला. घरचे तामसीकडेच.

पुढच्या वर्षी नवमीच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला. वाळला होता. झेंडूची माळ सीटवर ठेवलेली.

"एसी बिघडला का, दादा?"

"नाई. चांगला चालते. एका रातीची सुटी हाय, घरी चाललो. तूच माळ बांधून दे, भाऊ."

मी सुतळी शोधू लागलो.

"एकच जिल्हा होता तवा रोज घरी जेवत होतो," तो म्हणाला. मग सीट मागे करून, एसी चालू ठेवून त्यानं डोळे मिटले.

माळ बांधून झाली तरी मी त्याला उठवलं नाही. उद्याच्या पूजेसाठी हत्यारं अजून धुवायची होती. मी ती एकेक करून बादलीत टाकत राहिलो.