मोठीचा आवाज

गाडी कुठलीही असो, नाना आत बसले की आधी एसी बंद करायचे, काच खाली घ्यायचे आणि उजव्या हाताचं एक बोट वर धरायचे. "थांबा. आदी आयकू द्या." शेजारी मोठा साहेब असो की माझ्यासारखा लॅपटॉपवाला, ते बोट खाली येईपर्यंत बोलायची कुणाची टाप नसे.

चाकणच्या पट्ट्यातली आमची कंपनी परदेशी स्पोर्ट्‌स गाड्यांची जुळणी करते. नाना तिथे टेस्ट ड्रायव्हर. महाळुंग्याच्या जुन्या घरातले. ट्रॅक्टर चालवता येतो एवढ्या भांडवलावर कंपनीत शिरले आणि पुढे ट्रॅकवरचे सगळ्यात जाणते ड्रायव्हर झाले. मी उदगीरकडचा. गाडीतला आवाज आणि हादरे किती, ते मोजून ठेवायचं माझं काम. त्यामुळे नानांच्या शेजारच्या सीटवर माझी कित्येक वर्षं गेली.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याचा शब्द सगळे मानतात, आणि तो दर वेळी बरोबर असतोच असं नाही. पुतणीला स्थळ आलं तेव्हा नानांनी मुलाशी बोलायच्या आधी त्याची मोटरसायकल चालू करून ऐकली आणि तिथल्या तिथे नकार दिला. "चैन सुकलीया. जो गाडीला तेल दावत न्हाई, तो पोरीला काय सांभाळनार?" नंतर कळलं की मोटरसायकल मित्राची होती. लग्न झालं, संसार झकास चालला आहे. जावई मात्र अजून नानांच्या गल्लीत शिरला की गाडी बंद करून ढकलत आणतो.

ट्रॅकवर नानांचा जीव एका गाडीत होता. सहा सिलिंडरचं इंजिन, पुढून जड, पेट्रोल ढोसणारी. तिला ते नुसतं 'मोठी' म्हणायचे, थोरल्या लेकीला म्हणावं तसं. वेग वाढत गेला की तिचा आवाज पोटातून वर चढायचा. मी तो रोज मोजत होतो, पण माझ्या अंगावर काटा का येतो ते काही माझ्या आकड्यांत सापडलं नाही.

मग धाकटी आली. चार सिलिंडर, लहानसं इंजिन आणि त्याला टर्बो, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा. वजनानं हलकी, धूर कमी, पेट्रोल कमी. जगभर हेच चाललं आहे, त्याबद्दल कुणाला दोष द्यायचा? आपल्याकडच्या गिऱ्हाइकांसाठी मोठी आणखी काही वर्षं ठेवायची की बंद करायची, एवढंच आमच्या ड्रायव्हरांच्या मतावर ठरणार होतं. ड्रायव्हरांचं मत म्हणजे नानांचं मत. बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघूनच बोलायचे.

नाना तर टपरीवर चहा पिता पिता आधीच निकाल देऊन बसले होते. "पिपाणी आनलीया राव. मी हाय तवर मोठी जात न्हाई."

चाचणीच्या दिवशी वाऱ्याचा आवाज नोंदीत येऊ नये म्हणून काचा बंद ठेवायच्या होत्या. नाना कुरकुरले, पण नियम म्हटल्यावर गप्प बसले. दुसऱ्या वळणानंतर गाडीनं वेग घेतला आणि त्यांचा चेहराच पालटला. आवाज वर चढत होता, अगदी पोटातून.

"भाऊ, हिचा गळा मोठीचाच हाय की."

गरज नसताना त्यांनी आणखी फेऱ्या मारल्या. उतरल्यावर साहेबांना म्हणाले, "वळनावर मोठीपरास चांगली हाय. आनि आवाजबी ऱ्हायला. मग ते धूड कशाला वागवायचं? जाऊ द्या मोठीला." इतका खूश माणूस मी त्या ट्रॅकवर पुन्हा पाहिला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांबरोबर गाड्यांचीही पूजा होते. त्या वर्षी मान धाकटीचा होता आणि ती चालू करायचा मान नानांचा. दार उघडं ठेवून ते आत बसले होते, हलकेच रेस देत होते. मी बाहेर ताम्हन धरून उभा. आरतीला सुरुवात होणार, तेवढ्यात इलेक्ट्रॉनिक्सचा एकजण आत वाकला, "एक मिनिट, नाना" म्हणाला आणि पडद्यावर बोट फिरवून इंजिनाचा आवाज कमी केला, रेडिओचा करावा तसा.

नानांचा पाय होता तिथेच होता. काटा होता तिथेच होता. आवाज तेवढा गेला. उरली बारीक घरघर आणि हवेची शिट्टी. नानांनी पाय आणखी दाबला, तर घरघर वाढली आणि शिट्टी वाढली.

"काय केलंस रं?"

"स्पीकरचा आवाज आहे, नाना. आत बसणाऱ्याला बरं वाटावं म्हणून गाडी वाजवते. पुस्तिकेत दिलंय."

कुणी काही लपवलं नव्हतं. मलाही ते तेव्हाच कळलं, कारण मी आवाज किती ते मोजायचो, कुठून येतो ते नाही. आरती झाली, प्रसाद झाला. नानांनी पेढा घेतला आणि तो तसाच हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले आणि मलाही ओढत नेलं. "सायेब, माजा शब्द माघारी घ्याचा हाय."

साहेब भला माणूस. म्हणाला, "नाना, वर मुख्य कंपनीला कळवून झालंय. आणि खरं सांगा, गाडी वाईट आहे का?"

नाना खोटं बोलले असते तर कदाचित पुन्हा चाचणी झाली असती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला.

"न्हाई. चांगली हाय."

"मग?"

"मग काय न्हाई."

शेवटची मोठी ट्रेलरवर चढून गेली त्या दिवशी नाना मुद्दाम रजा टाकून घरी बसले होते.

निवृत्त होणाऱ्या ड्रायव्हरला आमच्याकडे शेवटची एक फेरी स्वतःसाठी मारू देतात. नानांची वेळ आली तेव्हा ट्रॅकवर फक्त धाकट्या होत्या. त्यांनी मला शेजारी बसवलं, म्हणाले, "ते स्पीकराचं पार बंद कर." मी केलं. अख्ख्या फेरीत टायर, वारा आणि ती शिट्टी, एवढंच ऐकू येत होतं. गाडी थांबल्यावर इंजिन चालूच ठेवून बसले.

"हिचा खरा आवाज बारीक हाय," ते म्हणाले. "तवा ह्योच आयकला असता, तरी हिला पासच केली असती मी. खोटं न्हाई बोलवत. पर मला वाटलं, मोठी हिच्यात ऱ्हायली; ती खरंच जातीया, ह्ये तवाच ठावं असतं. मग जाताना तिच्याकडं डोळं भरून बघता आलं असतं."

शेडमध्ये निरोपाचे समोसे निवत होते, लोक खोळंबले होते. नानांनी इंजिन बंद केलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि शेडकडे न वळता सरळ गेटकडे चालू लागले.