लंगोट आईच धुते

परवा मी इथे ग्रुपवर लिहिलं होतं की माझ्या बाळाची कावीळ उतरतेय, शीसुद्धा हवी तशी पिवळी होते. ते चुकीचं होतं. रंग मी पाहिलाच नव्हता, आईने सांगितला तो लिहिला.

मी अड्याळला माहेरी आहे, बाळ पाच आठवड्यांचं आहे. बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही म्हणून लंगोट आईच धुते. आज ती बाजारात गेली आणि लंगोट मी बदलला. शी तांदळाच्या पिठासारखी पांढरट होती, लघवीचा डाग मात्र गडद पिवळा.

आई आल्यावर विचारलं, तर हसली. "दूधच पिते लेकरू, तं पांढरीच होईन ना वं!"

"मग मले पिवळी काहून सांगितली?"

"तू रडत बसली असती, अन् दूध आटलं असतं."

आता तिच्या "कावीळ उतरून राहिली"वरही माझा विश्वास बसत नाही. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, यकृतातलं पित्त अडलं असेल तर शी अशी होते, आणि उशीर झाला तर यकृत खराब होतं.

तुमच्या घरी बाळाची शी कोण पाहतं?

आई म्हणते, रविवारी बारसं होऊ दे, मग जाऊ. मी न धुतलेला लंगोट डॉक्टरांना दाखवायला पिशवीत ठेवलाय. उद्या, बुधवारी, सकाळच्या पहिल्या एसटीने बाळाला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नेणार आहे.